डाग ओळखावा, मग भांडे घासावे

भांड्यावर बसलेला चिवट डाग निघेनासा झाला की दोष सहसा घासणाऱ्या हाताला किंवा बाजारातून आणलेल्या पावडरीला दिला जातो; प्रत्यक्षात डाग कोणत्या द्रव्याचा आहे, तो कोणत्या धातूवर बसला आहे आणि भांडे कोणत्या पाण्याने धुतले जाते, या तीन गोष्टींचा मेळ न बसल्यामुळे बहुतेक श्रम वाया जातात. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार हा परिसर या तिन्ही गोष्टी एकत्र पाहण्यास विशेष सोयीचा आहे. अर्नाळा, नायगाव आणि पाचूबंदर येथील कोळीवाड्यांत माशांचे कालवण शिजवणारे अ‍ॅल्युमिनियमचे टोप, पश्चिम पट्टीतील वाडवळ, सामवेदी आणि कुपारी कुटुंबांनी सांभाळलेली तांब्यापितळेची हंडे-घंगाळी, पूर्वेकडील पाड्यांवर चुलीवर चढणारी मातीची व जर्मनची भांडी आणि नालासोपारा-विरारच्या इमारतींत स्टीलचे कुकर व नॉनस्टिक तवे, असा सगळा भांडेसंसार येथे काही मैलांच्या अंतरात नांदतो, आणि तो धुण्यासाठी कुठे धरणाचे, कुठे विहिरीचे, तर कुठे कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी वापरले जाते.

चिवट डागांचे दोन मोठे वर्ग पडतात. पहिल्या वर्गात अन्नातून आलेले डाग येतात, म्हणजे करपलेली साखर आणि पिष्ट, बुडाला लागलेले दूध, तापून घट्ट झालेले तेल. दुसऱ्या वर्गात पाण्यातील क्षारांचे पांढरे थर, लोखंडाचा गंज आणि तांब्यापितळेवरचा काळपटपणा, असे खनिज स्वरूपाचे डाग येतात. पहिल्या वर्गावर अल्क चालतो आणि दुसऱ्यावर आम्ल. आम्ल म्हणजे चिंच, लिंबू, आमसूल किंवा व्हिनेगर यांना आंबटपणा देणारे द्रव्य. अल्क हे त्याच्या उलट गुणाचे द्रव्य असून राख आणि सोडा ही त्याची घरगुती उदाहरणे होत. ही दोन द्रव्ये एकत्र आली की परस्परांचा गुण मारतात, म्हणून सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून उठणारा जोरदार फेस डाग काढतो, हा सध्या फार पसरलेला समज टिकण्यासारखा नाही. त्या फेसात कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे उरते ते सोडियम अ‍ॅसिटेट नावाच्या क्षाराचे सौम्य पाणी, ज्याची डाग काढण्याची ताकद सोड्याइतकीही नाही आणि व्हिनेगरइतकीही नाही. दोन्ही वापरायचेच असतील तर एक पूर्ण धुऊन टाकल्यावर दुसरे घ्यावे.

वसईत विहिरीवर किंवा कूपनलिकेवर अवलंबून असणाऱ्या घरांना दुसऱ्या वर्गातील पांढरा थर चांगलाच परिचयाचा आहे. पाणी तापवण्याच्या पातेल्यात, कुकरच्या आत, विजेच्या किटलीच्या तळाशी हा खरखरीत थर हळूहळू चढत जातो आणि साबणाने कितीही घासला तरी हलत नाही, कारण तो दगडच असतो. समुद्रकाठच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा, म्हणजे चुनखडी, मिसळलेली असते. जमिनीत मुरणारे पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी झालेले असते, आणि चुनखडीतून झिरपताना ते तिचा काही अंश विरघळवून बायकार्बोनेटच्या रूपात सोबत आणते. असे पाणी उकळले की बायकार्बोनेट मोडते, वायू निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट भांड्याच्या अंगाला धरते. अशा पाण्याला पाठ्यपुस्तकात दुष्फेन आणि घरोघरी जड पाणी म्हणतात. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने मोजलेले क्षार, स्वीकारार्ह मानले जातात आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जातात. क्लोराइडसाठी, म्हणजे खारटपणासाठी, हेच आकडे २५० आणि १,००० मिलिग्रॅम आहेत.

खारटपणाचा हा दुसरा आकडा वसईसाठी महत्त्वाचा आहे, कारण येथील गोड्या भूजलाचा थर समुद्राच्या खाऱ्या पाण्याला लागून असतो आणि जमिनीतून उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते. गावोगावची बावखले, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारी खोदलेली तळी, हे पाणी जमिनीत मुरवून खाऱ्या पाण्याला मागे रेटत असत; ती जसजशी बुजत गेली आणि टँकरसाठी विहिरींचा उपसा वाढत गेला, तसतशा अनेक विहिरी बिघडल्या, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध मोठा लढा दिला. तो लढा पिण्याच्या पाण्याचा आणि शेतीचा होता, पण त्याचा परिणाम मोरीपर्यंत पोहोचतो, हे सांगितले पाहिजे. महानगरपालिकेच्या नळाला येणारे सूर्या, उसगाव आणि पेल्हार येथील धरणांचे पाणी साठवलेले पावसाचे पाणी असल्यामुळे तुलनेने मऊ असते, आणि त्यामुळेच एकाच गृहसंकुलात नळाच्या पाण्याने विसळलेले ताट स्वच्छ वाळते व टँकरच्या पाण्याने विसळलेल्या ताटावर पांढरे ठिपके राहतात.

हा पांढरा डाग चुन्याचाच आहे की भाताच्या पेजेचा, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. कोरड्या डागावर लिंबाचा एक थेंब टाकून जवळून पाहिले असता चुन्याच्या थरावर बारीक बुडबुडे उठतात आणि काही वेळाने तेथे बोट फिरवल्यास खरखर कमी झालेली जाणवते. पेजेच्या किंवा डाळीच्या डागावर असे काहीही होत नाही आणि तो गरम पाण्यात भिजवल्यावर सुटतो. चुन्याचा थर काढण्यासाठी भांड्यात पाणी घेऊन त्यात लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, लिटरमागे एक-दोन चमचे टाकावे, पाणी उकळून गॅस बंद करावा आणि अर्धा-पाऊण तास तसेच राहू द्यावे. थर जाड असल्यास हीच कृती पुन्हा करावी. येथे जोर लावल्याने भांड्यावर ओरखडे पडण्यापलीकडे काही साधत नाही. या कामासाठी शौचालय धुण्याचे आम्ल वापरण्याची चूक मात्र कधीही करू नये. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते, चुना ते क्षणात काढते हे खरे, पण त्यातील क्लोराइड स्टीलचे संरक्षक कवचही खाऊन टाकते.

हे कवच म्हणजे काय, ते समजले की स्टीलच्या भांड्यांविषयीचे अर्धे प्रश्न सुटतात. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रियर्ली यांनी १९१३ मध्ये न गंजणारे पोलाद तयार केले. अशा पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि हवेशी संयोग पावून ते पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा अतिपातळ थर धरते. ओरखडा पडला तरी हा थर आपोआप पुन्हा जमतो, म्हणून स्टील गंजत नाही. वसई खाडीपलीकडचे भाईंदर स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते, आणि या भागातील मोरीत आज बहुतेक भांडी याच धातूची असतात. रिकामे भांडे जास्त तापले की हा थर जाड होतो आणि पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात सांडलेल्या तेलावर दिसतात तसे निळे-सोनेरी रंग त्यावर उमटतात. ते घासून जात नाहीत, पण व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्याने पुसले की जातात, आणि राहिले तरी त्यांपासून अपाय नाही. खरी हानी मिठाची असते. मिठागरातले खडे मीठ गार पाण्यात टाकले तर ते विरघळण्याआधी बुडाशी बसते, आणि जेथे बसते तेथे क्लोराइडची तीव्रता वाढून कवचाला सूक्ष्म छिद्रे पडतात. टोपाच्या तळाशी दिसणारे, बोटाला खळग्यांसारखे लागणारे ठिपके हेच होत. ते डाग नसून झीज असल्यामुळे कोणत्याही उपायाने निघत नाहीत. पाण्याला उकळी आल्यावर मीठ घालून ढवळणे आणि खारट पदार्थ रात्रभर भांड्यात न ठेवणे, एवढे केले तरी ती टळते.

करपलेल्या भांड्याचा प्रश्न वेगळा आहे. दूध बुडाला लागते तेव्हा त्यातील प्रथिने व साखर यांचा संयोग होऊन तपकिरी थर बनतो आणि आच चालूच राहिली तर त्याचा कोळसा होतो. भात, खीर किंवा गुळाचा पाक करपतो तेव्हा पिष्ट आणि साखर यांचे असेच होते. हा थर वरून कठीण दिसला तरी धातूला त्याची पकड सर्वत्र सारखी नसते, आणि पाणी जर त्याच्या खाली शिरू शकले तर तो पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून पहिले काम पाण्याला वेळ देण्याचे असते. स्टीलच्या टोपात करपलेला भाग बुडेल इतके पाणी घेऊन त्यात लिटरमागे दोन चमचे खाण्याचा सोडा टाकावा, मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे उकळू द्यावे आणि मग ते तसेच रात्रभर ठेवावे. खाण्याचा सोडा हा सौम्य अल्क आहे. उकळताना त्याचा काही भाग धुण्याच्या सोड्यात, म्हणजे सोडियम कार्बोनेटमध्ये, बदलतो आणि तो अधिक जोरकस असतो. सकाळी पाणी तपकिरी झालेले दिसते, थराच्या कडा वर वळलेल्या असतात, आणि नारळाच्या करवंटीच्या तुकड्याने किंवा लाकडी उलथण्याने त्या उचलल्या की मोठमोठे पापुद्रे हातात येतात. करवंटी पोलादापेक्षा मऊ असल्याने भांड्यावर रेघ उमटत नाही. तापलेल्या भांड्यात एकदम गार पाणी ओतणे मात्र टाळावे, कारण धातू अचानक आकसून बूड वाकडे होते आणि मग ते भांडे शेगडीवर कधीच नीट बसत नाही.

कढईच्या बाहेरच्या अंगाला आणि कडेला धरणारा पिवळट, चिकट व पुढे काळा होणारा थर तेलाचा असतो, पण त्याला आता तेल म्हणणे योग्य नाही. वारंवार तापून आणि हवेतील प्राणवायूशी संयोग पावून तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचे जाळे बनते, रंगारी वापरतात त्या जवसाच्या तेलाचे वाळल्यावर होते तसेच. असा थर साध्या साबणाला दाद देत नाही. सोड्याची पाण्यात कालवलेली लापशी त्यावर थापून काही तास राहू देणे आणि मग गरम पाण्याने घासणे, हा स्टीलपुरता चांगला मार्ग आहे. एकाच बैठकीत तो पूर्ण निघेल अशी अपेक्षा ठेवू नये. वर्षभरात चढलेला थर तीन-चार वेळांत उतरला तरी ते काम चांगले झाले असे समजावे.

साबण घरोघरी येण्यापूर्वी हेच काम चुलीतील राख करत असे, आणि ती निव्वळ गरिबीची सोय नव्हती. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, जे अल्क असल्याने स्निग्ध पदार्थाच्या काही अंशाचे घासता घासताच साबणात रूपांतर करते. केळीच्या वाळलेल्या पानांच्या आणि सोपटांच्या राखेत पोटॅशियमचे प्रमाण विशेष असते, आणि वसईसारख्या केळीच्या मुलखात ती कधीच दुर्मिळ नव्हती. भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका, म्हणजे वाळूतले मुख्य द्रव्य, अतिशय बारीक कणांच्या रूपात असते, त्यामुळे अल्क आणि घासणारे कण दोन्ही एकाच मुठीत मिळतात. नारळाच्या शेंडीने ती राख भांड्यावर फिरवली की धातूला फारशी इजा न करता काम होते. चुलीवर चढवण्यापूर्वी भांड्याच्या बुडाला बाहेरून मातीचा किंवा राखेचा ओला लेप देण्याची रीतही तितकीच शहाणपणाची होती, कारण काजळी त्या लेपावर बसते आणि धुताना लेपासकट निघून जाते.

अ‍ॅल्युमिनियमला, ज्याला अनेक घरांत अजूनही जर्मन म्हणतात, हे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. सोडा, राख किंवा कॉस्टिक अशा अल्कांत हा धातू स्वतःच विरघळतो आणि काळा पडतो, म्हणून करपलेल्या जर्मनच्या टोपात सोडा उकळणे हे नुकसानीचे काम आहे. कुकरमध्ये बटाटे किंवा नुसते पाणी उकळल्यावर आतून जो करडा-काळा रंग चढतो, तो धातूवरच्या ऑक्साइडच्या थरात पाण्यातील क्षार मिसळून आलेला असतो. त्यात अपायकारक काही नसते आणि आम्लाने तो जातो. कुकरच्या तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल किंवा चिंचेचा तुकडा टाकण्याची मराठी घरांतील सवय याच कारणाने योग्य आहे. मात्र ज्या आम्लाने डाग जातो, तेच आम्ल धातूचाही अंश काढते, म्हणून चिंच किंवा आमसूल घातलेले कालवण जर्मनच्या टोपात शिजवून तेथेच दुसऱ्या दिवसापर्यंत मुरत ठेवणे बरे नव्हे. ते मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून ठेवावे. माशांच्या भांड्याला येणारा वास हा अमाइन नावाच्या अल्कधर्मी द्रव्यांचा असतो आणि आम्लाशी संयोग पावून त्यांचे न उडणारे क्षार बनतात, त्यामुळे मासे केलेला टोप धुण्याआधी चिंचेच्या कोळाने किंवा लिंबाच्या सालीने चोळला तर साबणही कमी लागतो आणि वासही राहत नाही.

तांब्यापितळेवर आम्लाचे काम सर्वांत ठळक दिसते. हवेत तांब्यावर तपकिरी-काळा ऑक्साइड धरतो, आणि दमट, खाऱ्या हवेत हिरवट जंगालही चढतो. चिंचेतील टार्टारिक आम्ल किंवा लिंबातील सायट्रिक आम्ल हा थर विरघळवते आणि सोबत मीठ असल्यास त्यातील क्लोराइड ही क्रिया वेगाने घडवते. परसात बिंबलीचे झाड असेल तर तिचे फळ चिंचेचे काम करते, शिवाय त्यातील ऑक्झॅलिक आम्ल गंजाच्या डागांवरही चालते. देवघरातील समया असोत किंवा चर्चमधील पितळी शमादाने असोत, सणाच्या आधी त्यांना लावलेली चिंच काही मिनिटांतच धुऊन टाकावी, भांडे लगेच कोरडे पुसावे आणि आम्लात बुडवून ठेवू नये. तसे ठेवल्यास पितळेतील जस्त निघून जाते आणि पिवळ्या अंगावर तांबूस चट्टे उमटतात, जे पुढे घासूनही जात नाहीत. ठाण्याच्या ज्या पितांबरी उद्योगाची स्थापना १९८९ मध्ये झाली, त्याच्या पावडरीने ही मेहनत असंख्य मराठी घरांत हलकी केली.

स्वयंपाकाच्या तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कल्हई असणे आवश्यक असते, आणि तिला घासणीने खरवडणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. भांडे भात्याच्या शेगडीवर तापवून त्यात नवसागर टाकला जातो, पांढरा धूर निघून धातू निर्मळ होतो, आणि २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने आतून सर्वत्र फिरवले जाते. या थराला मऊ फडके आणि साधे साबणाचे पाणी पुरते. आतून तांबूस ठिपके दिसू लागले की कल्हई उडाली असे समजून त्यात ताक, सार किंवा आमटी ठेवणे थांबवावे, कारण अन्न कळकते आणि तांब्याचे क्षार पोटात गेल्याने उलट्या होतात. जे भांडे वापरात नाही, केवळ जुनी वस्तू म्हणून जपले आहे, त्यावरचा काळसर थर राहू देणेच इष्ट आहे. नालासोपाऱ्याच्या स्तूपातून पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये बाहेर काढलेल्या दगडी पेटीत तांब्याचा करंडक होता. अशा वस्तूंवरचा काळाचा थर त्यांच्या इतिहासाचा भाग मानून सांभाळला जातो, आणि आजीच्या लग्नातल्या घागरीलाही तो न्याय लावता येईल.

लोखंडी कढई आणि बिडाचा तवा यांवरचा काळा, गुळगुळीत थर डाग समजून काढू नये. तो तेलाचाच घट्ट झालेला थर असून येथे तोच भाकरी व घावने चिकटू देत नाही. गंज आलाच तर खडे मीठ आणि थोडे तेल घेऊन तो भाग चोळावा, भांडे धुऊन आचेवर पूर्ण वाळवावे आणि तेलाचा पुसट हात फिरवून ठेवावे. मातीची भांडी साबण शोषून घेतात, म्हणून त्यांना गरम पाणी आणि काथ्या पुरेसा असतो. नॉनस्टिक भांड्यावर कोणतीही कठीण घासणी चालत नाही. तपकिरी डागांसाठी सोड्याचे पाणी थोडा वेळ मंद उकळावे, आणि थर निघू लागला असेल तर भांडे बदलावे.

घासणी शेवटी येते आणि तिची निवड धातूपेक्षा मऊ, पण डागापेक्षा कठीण, अशी असावी लागते. बाजारातील हिरव्या घासणीत बहुधा कुरुंदाचे, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कठीण अशा खनिजाचे, कण असतात आणि ते स्टीलवरही रेघा पाडतात; लोखंडी तारेच्या जाळीचे तुकडे स्टीलमध्ये अडकून स्वतः गंजतात आणि दोष भांड्याला लागतो. ब्लीच आणि कोणतेही आम्ल एकत्र आले तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो, म्हणून मोरीत या दोन बाटल्या शेजारी ठेवूही नयेत.

हे सारे काम अजूनही बहुतांश स्त्रियांच्या हातून होते, आणि अनेक इमारतींत ते घरकाम करणाऱ्या बायकांच्या हातून होते, ज्या सकाळपासून एकामागून एक घरांतील भांडी घासतात. त्यांच्यासाठी राज्यात महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ मध्ये झाला, परंतु सोडा, आम्ल आणि तारेची जाळी यांनी बोटांची सालपटे निघणे हे कोणत्याही कायद्याने थांबत नाही. करपलेला टोप त्यांच्यासाठी तसाच मोरीत ढकलण्याआधी घरातल्या कोणीही रात्रीच त्यात पाणी आणि, भांडे स्टीलचे असल्यास, दोन चमचे सोडा घालून ते उकळून ठेवावे, आणि मोरीजवळ रबरी हातमोज्यांचा एक जोड टांगून ठेवावा.